‘वाडीचा पाऊस’ नावाचा आकडा

रूथ भिंगारदिवे यांनी नगरच्या एका कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत वर्गात मुलं इतकी थोडी असायची की त्या आपली खुर्ची बाकांजवळ ओढून घ्यायच्या आणि बसूनच शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता मॅडम चर्चच्या गायनात रमतील. मॅडम रमल्या कॉम्प्युटरमध्ये. सिद्धता तपासणारे प्रोग्रॅम असतात. आपण एखादं विधान नियमाने एकेक पायरी चढत सिद्ध करायचं, आणि मधली एखादी पायरी गाळली की मशीन अडून बसतं, पुढे जाऊ देत नाही. मॅडमना हे फार आवडलं. जी कटकट त्यांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या मागे लावली, ती आता दुसरं कुणीतरी न कंटाळता करत होतं.

अनीश हा त्यांचा जुना विद्यार्थी. सोपा विषय म्हणून तर्कशास्त्र घेतलं आणि मग त्यातच अडकला, असा. पुढे पुण्यात त्याने कंपनी काढली. दरड कोसळण्याआधी इशारा देणारी यंत्रणा ती कंपनी बनवायची. हिवाळ्याच्या शेवटी तो नगरला, सावेडीतल्या मॅडमच्या घरी आला, चहा झाला, आणि त्याने काम सांगितलं.

अकोले तालुक्यात, पार पश्चिमेला, कड्याखाली कातळवाडी नावाची वस्ती आहे. दर पावसाळ्यात जोराच्या पावसाचा अंदाज आला की तिथल्या माणसांना खालच्या आश्रमशाळेत आणून ठेवतात आणि पाऊस ओसरेपर्यंत तिथेच राहायला लावतात. लोक याला कंटाळले होते. आता कड्याच्या उतारावर सेन्सर आणि वाडीत भोंगा बसणार होता. भोंगा भरवशाचा ठरला, तर नुसत्या अंदाजावरून कुणाला हलवायचं कारण नव्हतं. भोंगा वाजला की उतरायचं, नाही तर आपल्या घरात राहायचं. प्रशासनाची अट एकच होती. भोंगा चालवणारा प्रोग्रॅम बिनचूक आहे, हे कंपनीबाहेरच्या कुणीतरी गणिताने सिद्ध करून द्यायला हवं होतं.

“तुमच्याशिवाय कुणाचं नाव डोक्यात आलं नाही,” अनीश म्हणाला.

नियम साधा होता. ‘वाडीचा पाऊस’ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि उताराची माती ठरलेल्या मर्यादेपलीकडे ओली झाली, तर भोंगा वाजलाच पाहिजे. वीज गेली तरी, निरोप उशिरा आला तरी, दोन निरोप उलटसुलट क्रमाने आले तरी. मॅडमनी हे काम मन लावून केलं. एका ठिकाणी मशीन अडलं. त्यांनी शोधलं तर तिथे खरोखरच चूक होती. वीज येताच प्रोग्रॅम आधीचा पाऊस विसरून शून्यापासून मोजायला लागायचा. अनीशच्या माणसांनी ती दुरुस्त केली. त्यानंतर सिद्धता शेवटपर्यंत गेली. आता हा प्रोग्रॅम तो नियम कधीच मोडू शकत नव्हता. मॅडम त्या दिवशी खुशीत होत्या. बहिणीला, हन्नाला, फोन करून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तिने ऐकून घेतलं.

मग सहीसाठी प्रमाणपत्राचा मसुदा आला. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं असं की प्रोग्रॅम दिलेल्या नियमाचं नेहमी पालन करतो. दुसरं असं की त्यामुळे कातळवाडी ही वस्ती सुरक्षित असल्याचं गणिताने सिद्ध झालं आहे.

मॅडमनी अनीशला फोन लावला.

“हे दुसरं वाक्य कुणी सिद्ध केलं?”

“तुम्हीच, मॅडम. पहिल्यावरून येतंच ना ते.”

“कसं येतं? दुसऱ्या वाक्यात खरा डोंगर आहे. ‘वाडीचा पाऊस’ हा तुझ्या प्रोग्रॅममधला एक आकडा आहे. तो आकडा येतो कुठून?”

“जवळच्या पर्जन्यमापक केंद्रावरून. सगळीकडे हाच नियम आहे. नकाशावर सरळ रेषेत जे केंद्र सर्वांत जवळ, ते.”

“आणि ते कुठे आहे?”

अनीशने गावाचं नाव सांगितलं. मॅडमनी नकाशा उघडला. केंद्र खरंच जवळ होतं. पण वाडी आणि केंद्र यांच्यामध्ये एक जाड तपकिरी पट्टा होता. तो कडा होता.

दोन-चार दिवसांनी त्या एसटीने संगमनेरमार्गे अकोल्याला गेल्या. तिथून जीप. आधी त्या केंद्राच्या गावी गेल्या. आजूबाजूला बाजरीची धसकटं उभी होती, बांधावर बाभळी. मग जीप अख्ख्या डोंगराला वळसा घालून पलीकडे आली. इकडे डोंगराचा उतार कापून शेतं केली होती. पायऱ्यांसारखी भाताची खाचरं खालपर्यंत गेली होती. घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना गेल्या वर्षी झडीसाठी बांधलेले कुडाचे आडोसे अजून तसेच होते. दोन गावांत सरळ रेषेने अंतर थोडंसं, पण एकीकडे बाजरी आणि एकीकडे भात. ढग पश्चिमेकडून येतात, कड्याला अडतात आणि बहुतेक सगळे इकडेच रिकामे होतात. मॅडम जीपमधून उतरून कड्याकडे बघत उभ्या राहिल्या. आपण महिनाभर ज्याला ‘वाडीचा पाऊस’ म्हणत होतो, तो वाडीत पडतच नाही, हे त्यांना तिथे उभं राहून कळलं.

वाडीतल्या साळूबाई पंचायतीच्या सदस्य होत्या. पन्नाशीच्या, ताठ चालणाऱ्या. त्यांनी मॅडमना ओसरीवर बसवलं आणि पहिल्याच वाक्यात विषय काढला.

“तुमच्या सहीवाचून अडलंय म्हनं.”

“हो.”

“मग करून टाका ना, बाई. दर साली आमाला त्या शाळंत नेऊन कोंडत्यात. हितं गुरं हंबरत्यात, तिकडं आमी येकमेकाच्या अंगावर झोपतो. गेल्या साली माझी गाय येली न् मी शाळंत. वासरू गेलं. भोंगा बसला तर घरात तरी ऱ्हाता यील.”

“भोंगा वाजलाच नाही तर?”

“का न्हाई वाजायचा? तुमीच तपासलाय ना.”

भोंग्याला पाऊस त्या बाजूचा कळतो, या बाजूचा नाही, हे मॅडमनी समजावून सांगितलं. साळूबाईंनी ते नीट ऐकलं. “मग ते तुमी बगा,” त्या म्हणाल्या. “पन सही करा.”

दुसऱ्या दिवशी राजूरच्या एका हॉटेलात अनीश भेटला. तो पुण्याहून गाडी हाकत आला होता आणि दमलेला दिसत होता. मॅडमनी कड्याच्या दोन्ही बाजूंच्या पावसाचे जुने आकडे त्याच्यापुढे ठेवले. पश्चिमेला लांब एक केंद्र होतं, त्याच्याशी ताडून पाहिलं तर फरक कुणालाही दिसावा असा होता.

अनीशने नाकारलं नाही. “वाडीत नवीन केंद्र बसवायचं तर परवानगीपासून सुरुवात करावी लागेल. या पावसाळ्याआधी होणार नाही. आणि ही वस्ती अडली की या योजनेतल्या बाकीच्या सगळ्या वस्त्या अडतात. मॅडम, मॉडेल म्हटलं की थोडंफार सोडून द्यावंच लागतं. तुम्हीच शिकवलंत. नकाशा म्हणजे गाव नव्हे.”

“बरोबर शिकवलं. नकाशात झाडं नसली तर माझी हरकत नाही. पण नकाशात पूल आणि नदीवर पूल नाही, असा नकाशा मी कुणाच्या हातात देणार नाही.”

“तुमचं काम प्रोग्रॅमपुरतं होतं. बाहेरचं बघायला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“मग बाहेरच्याबद्दल माझी सही का मागतोस?”

अनीश जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणी करेल.”

“त्याला करू दे. मी मात्र का केली नाही, ते सगळ्यांसमोर सांगणार. तू बैठक लाव, किंवा मी लावते.”

बैठक अनीशनेच लावली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मे महिन्याच्या अखेरीस आश्रमशाळेच्या हॉलमध्ये वाडीतली बहुतेक माणसं आली. त्या भागाचे प्रांतसाहेब आले. त्यांना पुढे दोन गावं करायची होती आणि ते उभ्या उभ्याच बोलत होते. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता. मॅडमनी लॅपटॉप जोडला.

“हा आपला भोंग्याचा नियम,” त्या म्हणाल्या. “वाडीचा पाऊस इतका, माती इतकी ओली, की भोंगा. आणि ही त्याची सिद्धता. बघा, मशीन म्हणतंय, बरोबर.”

पडद्यावर हिरवी खूण आली. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

“आता मी यातला एकही नियम बदलणार नाही. फक्त नावं बदलते. ‘वाडीचा पाऊस’ खोडते आणि तिथे लिहिते ‘शिंगणापूरला आलेली माणसं’. ‘मातीचा ओलावा’ खोडते, लिहिते ‘विकले गेलेले नारळ’. आणि ‘भोंगा’ खोडून ‘बँड’. म्हणजे नियम काय झाला? इतकी माणसं आली आणि इतके नारळ खपले, की बँड वाजलाच पाहिजे. आता पुन्हा तपासू.”

त्यांनी बटण दाबलं. थोडा वेळ गेला आणि पुन्हा तीच हिरवी खूण आली.

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत.

“सिद्धता अजूनही बरोबर आहे. एक अक्षर चुकलेलं नाही. कारण या मशीनला ना डोंगर माहीत आहे, ना नारळ. त्याला चिन्हं कळतात आणि चिन्हांचे नियम कळतात. कुठलं चिन्ह कशाच्या जागी उभं आहे, हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि ते खरंच तिथे उभं आहे का, हे जाऊन बघायचं असतं. मी जाऊन बघितलं. ‘वाडीचा पाऊस’ हे नाव ज्या आकड्याला दिलंय, तो कड्यापलीकडचा पाऊस आहे. तिकडे भुरभुर असेल तेव्हा इकडे कोसळत असेल. भोंगा गप्प राहील. आणि गप्प राहूनसुद्धा तो नियमाप्रमाणेच वागत असेल.”

प्रांतसाहेब म्हणाले, “मॅडम, तुमचा मुद्दा शास्त्रीय आहे, मान्य. पण बाकीच्या गावांना हीच पद्धत चालते. आम्हाला काहीतरी तर धरून चालावं लागतं.”

“धरा की. पण मी सिद्ध केलंय असं म्हणून धरू नका.”

त्यांनी प्रमाणपत्राचा कागद टेबलावर ठेवला, दुसऱ्या वाक्यावर आडवी रेघ ओढली, खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

“हे अर्धवट झालं,” प्रांतसाहेब म्हणाले.

“अर्धवट नाही. जेवढं सिद्ध झालंय तेवढं पूर्ण आहे.”

साहेबांनी कागद लगेच घेतला नाही. मग सावकाश घडी करून खिशात ठेवला. मॅडम ज्या वाक्याला नाही म्हणाल्या, ते साऱ्या वाडीदेखत ऐकल्यावर त्याखाली दुसऱ्या कुणाची सही घेणं अवघड होतं, आणि ते त्यांना समजत होतं. जाताना ते एवढंच बोलले की भोंगा चाचणी म्हणून बसेल, पण यंदाही जोराचा पाऊस असेल तेव्हा वाडीने खाली यायचं.

हॉलमधला हशा कधीच मावळला होता. साळूबाई उठून उभ्या राहिल्या.

“मंजी औंदाबी आमी शाळंतच.”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“आनि तुमी नगरला, गादीवर.”

अनीश खाली बघत होता. मॅडमना वयाप्रमाणे गुडघ्याचा त्रास होता, घरी मांजर होती आणि जुलैत हन्ना राहायला येणार होती.

“मीही येईन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इथे असाल तितके दिवस मी इथे असेन.”

साळूबाईंचा यावर विश्वास बसला नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

जुलैत पहिल्यांदा वाडी खाली आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आश्रमशाळेत हजर झाल्या. बरोबर घडीची खाट होती. मांजर हन्नाकडे ठेवली होती. हॉल दमट होता, पांघरुणं वाळत नव्हती, स्वयंपाकाचा धूर आतच फिरायचा. बायका सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नसत. साळूबाई तर त्यांच्या खाटेशेजारून सरळ पलीकडे जात, जणू तिथे कुणी नाहीच. मॅडमनी कुणाची मनधरणी केली नाही. भाकरी मिळाली ती खाल्ली, भांडी घासायला बसल्या. “बाई हट्टी हाय,” असं त्यांच्यासमोरच कुणी म्हणालं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आहेच.”

सगळ्यांत जास्त चिडले होते साळूबाईंचे दीर, आदिनाथ. म्हशी वर होत्या, म्हणून ते रोज पहाटे उजाडताच वर चढत, धार काढत आणि कुरकुरत खाली येत. एका सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर परतले. धावत. हातात किटली नव्हती.

“डोंगर आला,” ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

घरांच्या मागचा उतार सुटला होता. माती, दगड आणि झाडं वरच्या खाचरांवर येऊन पसरली होती, आणि एक रिकामा गोठा त्यात गाडला गेला होता. घरांच्या मागे चिखलाची भिंत उभी राहिली होती, पण घरांपर्यंत ती पोचली नव्हती. आदिनाथांच्या म्हशी वाचल्या. भोंगा खांबावर जसाच्या तसा होता. तो वाजला नव्हता. अनीशच्या पुण्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर त्या वेळी ‘वाडीचा पाऊस’ मर्यादेच्या कितीतरी खाली होता.

दोन दिवस लोक त्यावरूनच भांडत होते. काही म्हणत, वर असतो तर दरडीच्या आवाजाने लेकरं घेऊन पळताना मेलो असतो. आदिनाथ म्हणत, “घरं तर उभीच हायेत. उगाच कोंडलं आमाला.” दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि कुणी माघार घेत नव्हतं.

संगमनेरहून एक वार्ताहर आला. त्याने मॅडमना विचारलं, “म्हणजे शेवटी तुम्ही बरोबर ठरलात, असं लिहू?”

“नका लिहू,” मॅडम म्हणाल्या. “डोंगर घरांवर आला असता तरी, आणि अजिबात हलला नसता तरी, ते वाक्य सिद्ध झालेलं नव्हतंच. मी नाही म्हणाले ते त्यासाठी. भविष्य सांगायला मी ज्योतिषी नाही.”

वार्ताहराला हे छापण्यासारखं वाटलं नाही. त्याने आदिनाथांचा फोटो काढला.

अनीश रस्ता मोकळा झाल्यावर आला. चिखलातून चालत वर गेला, भोंग्याच्या खांबाखाली बराच वेळ उभा राहिला आणि मग आश्रमशाळेच्या पडवीत मॅडमच्या शेजारी येऊन बसला. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

“परवानगी आली,” तो म्हणाला. “पर्जन्यमापक गाडीत आहे. वाडीतच बसवू. आता ‘वाडीचा पाऊस’ म्हणजे वाडीचाच पाऊस.”

“चांगलं झालं.”

“मग आता दुसरं वाक्य?”

मॅडमनी चष्मा पुसला. “पावसाची मर्यादा किती धरायची, तो आकडा कुठून आणलास?”

अनीशने एक बूट पुन्हा पायात घातला. “दुसऱ्या जिल्ह्यातल्या दरडींचा अभ्यास झालाय. त्यावरून.”

“तिकडची माती कुठली?”

“वेगळी आहे,” तो म्हणाला, आणि मग त्याला हसू आलं. दमलेल्या माणसाला येतं तसं. “तुम्ही कधीच सही करणार नाही.”

“पहिल्या वाक्याखाली आहे की माझी. ती मी कुठेही, कुणासमोरही पुन्हा करीन.”

साळूबाई दारात सूप घेऊन उभ्या होत्या. तांदूळ पाखडणं थांबवून त्या हे ऐकत होत्या.

“अजून न्हाई का पटलं बाईंना?” त्यांनी अनीशला विचारलं.

“न्हाई,” मॅडमनीच उत्तर दिलं.

साळूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि अनीशला म्हणाल्या, “ते यंत्र गाडीतून काढ. खांद्यावर घ्यावं लागंल, वाट मोडलीय. कुटं लावायचं ते वर गेल्यावर भांडू.”

मॅडम खाट धरून उठल्या. गुडघा दुखत होता. त्यांनी छत्री घेतली आणि दोघांच्या मागून चालायला लागल्या.